भोक पाडण्याआधी लाकूड मोजा: लाकडी स्टॉकच्या रायफलला बायपॉड लावताना

देवळाली कॅम्पहून आलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. काकांची जुनी ब्रनो .२२ बोल्ट-ॲक्शन रायफल परवान्याची सगळी कागदपत्रं पूर्ण होऊन आता प्रश्न विचारणाऱ्यांच्या नावावर आली आहे. स्टॉक, म्हणजे रायफलचा लाकडी दस्ता, अक्रोडाचा, एकसंध. रेंजवर पालथं झोपून किंवा टेबलावर टेकवून ५० मीटरवर कागदी टार्गेट मारायचं, एवढाच हेतू आहे. ऑनलाइन एक बायपॉड, म्हणजे रायफलच्या पुढच्या भागाखाली लावायचा दोन पायांचा आधार, पाहून ठेवलाय आणि ओळखीचे सुतार रविवारी घरी येऊन भोक पाडून द्यायला तयार आहेत. कोणता बायपॉड घ्यावा, नेमका कुठे बसवावा, आणि मुलाच्या स्प्रिंगच्या एअर रायफललाही तसाच लावता येईल का?

सगळ्यात आधी सुतारांना फोन करून रविवारचं रद्द करा. त्यांचा हात चांगलाच असेल, पण आर्म्स ॲक्ट १९५९ प्रमाणे शस्त्राची दुरुस्ती किंवा त्यात फेरफार करण्यासाठी वेगळा परवाना लागतो. शिवाय परवाना तुमच्या नावावर आहे, त्यामुळे रायफल दुसऱ्याच्या हातात सोपवली तर जबाबदारी तुमच्यावर येते. हे काम परवानाधारक शस्त्रदुरुस्तीवाल्याकडूनच करून घ्या आणि तुम्ही समोर बसून राहा. ‘साधं भोक पाडायचंय’ असं जे वाटतं ना, तेच या कामातलं सगळ्यात अवघड पाऊल आहे. पाडलेलं भोक परत घेता येत नाही.

मी स्वतः सातपूरला ओतकामाचे लाकडी पॅटर्न बनवण्यात आयुष्याची वीस वर्षं घालवली आणि त्यानंतर गेली बरीच वर्षं परवानाधारक दुकानात स्टॉकचं काम पाहतो. फुटलेले, पिळलेले, तेल पिऊन मऊ पडलेले, चुकीच्या जागी भोक पाडलेले असे पुष्कळ स्टॉक हातांखालून गेले. त्या अनुभवावरून एक गोष्ट ठामपणे सांगतो. बायपॉड रायफलला लावतोय असं आपण म्हणतो, पण प्रत्यक्षात तो लाकडाला लावलेला असतो. म्हणून कंपनी, किंमत, पायांची उंची हे प्रश्न नंतरचे. आधी तुमच्या फोरएंडचं लाकूड, म्हणजे नळीखालचा स्टॉकचा पुढचा भाग, किती जाड आहे, त्याच्या धाग्यांची रेषा कशी जाते आणि दाबल्यावर तो किती वाकतो, हे बघायचं.

एक जुनं उदाहरण सांगतो, तुमच्या रायफलवर ‘ब्रनो’ कोरलेलं आहे म्हणून मुद्दाम. दुसऱ्या महायुद्धात आपल्या पलटणींच्या हातात असलेली ब्रेन मशीनगन मुळात त्याच गावच्या चेक रचनेवरून आली. ब्रनोचं ‘ब्र’ आणि इंग्लंडमधल्या एनफिल्डचं ‘एन’ मिळून तिचं नाव पडलं. तिचे दोन पाय नळीखालच्या गॅसच्या नळकांड्याला, म्हणजे धातूला धरलेले होते. लाकूड होतं ते मागे खांद्याला आणि मुठीला. वजन पेलायचं तिथे लोखंड, हात आणि गाल लागतो तिथे लाकूड, अशी ती वाटणी. तुमची .२२ मात्र हातात धरून मारण्यासाठी घडवलेली आहे. तिच्या फोरएंडवर डाव्या तळहाताचा मऊ भार यायचा, एका टोकाला पकडून ओढणारं लोखंड येणार हे घडवणाऱ्याच्या मनातही नसेल.

आता तो भार नेमका कसा येतो ते पाहू. हॅरिस पद्धतीचा बायपॉड, आणि बाजारातल्या बहुतेक स्वस्त नकला त्याच पद्धतीच्या असतात, पट्ट्याच्या स्टडला, म्हणजे खांद्याचा पट्टा अडकवायला फोरएंडच्या पोटात बसवलेल्या आडव्या भोकाच्या खुंटीला, धरतो. बायपॉडच्या जबड्याच्या दोन पिना दोन्ही बाजूंनी स्टडच्या आडव्या भोकात शिरतात. मग खालचा स्क्रू आवळला की जबडा स्टडला खाली खेचतो आणि बायपॉडचं खोगीर फोरएंडच्या पोटाला वर दाबतं. म्हणजे रायफल जमिनीवर ठेवण्याच्या आधीच स्टडवर सतत उपसणारा ताण बसलेला असतो. त्यात तुम्ही खांद्याने पुढे रेटून पाय घट्ट बसवता, तेव्हा लांब पायांची तरफ होते आणि तो ताण आणखी वाढतो. नुसत्या लाकडी आट्यांवर बसवलेला स्टड हे दिवसभर सोसतो, महिनाभर सोसतो, आणि एके दिवशी भोकातली लाकडाची भुकटी घेऊन बाहेर येतो.

माझ्या स्वतःच्या पहिल्या रायफलचं असंच झालं. आधी बारीक भोक न पाडता मी जाड स्क्रूचा स्टड थेट पिळून आत घातला होता, तोही फोरएंडच्या टोकापासून जेमतेम दोन बोटं आत. पावसाळ्यात सगळं ठीक होतं. एप्रिलच्या कोरड्या उन्हात स्टडपासून टोकापर्यंत केसाएवढी चीर उघडली. पाण्यासारखं पातळ इपॉक्सी सोडून, शिकंज्यात दाबून ती बंद केली, पण प्रकाश तिरपा पडला की आजही दिसते. तो स्टॉक मी ठेवून दिलाय आणि नवीन येणाऱ्यांना दाखवतो.

म्हणून बायपॉड विकत घेण्याआधी घरीच एक चाचणी करा. रायफल रिकामी आहे याची खात्री डोळ्याने आणि बोटाने, दोनदा. बोल्ट आणि मॅगझिन काढून बाजूला ठेवा. एक कोरी दहाची नोट किंवा साध्या कागदाची पट्टी नळी आणि फोरएंड यांच्यामध्ये टोकाकडून सरकवा आणि मागे ॲक्शनच्या, म्हणजे बोल्ट बसतो त्या लोखंडी भागाच्या, दिशेने न्या. पट्टी कुठे अडते तिथे पेन्सिलने खूण करा. ती टोकापासून बऱ्याच आतपर्यंत मोकळी गेली तर नळी मोकळी तरंगते आहे. टोकालाच अडली तर नळी लाकडावर टेकलेली आहे, आणि जुन्या रायफलींत हे मुद्दाम तसं ठेवलेलं असू शकतं. आता फोरएंडचं टोक एखाद्या पुस्तकांच्या गठ्ठ्यावर टेकवा, खांद्याने नेहमीएवढा भार द्या आणि दुसऱ्या कोणाला तरी पट्टी पुन्हा सरकवायला सांगा. आधी मोकळी जाणारी पट्टी आता अडत असेल, तर तुमचं लाकूड भाराखाली वर वाकून नळीला लागतंय. अशा फोरएंडवर महागातला महाग बायपॉड लावलात तरी गोळी प्रत्येक वेळी वेगळ्या जागी जाईल. तुम्ही कमी-जास्त रेटलंत की लाकूड कमी-जास्त वाकतं, आणि नळीवरचा दाब बदलतो.

ही चाचणी पाच मिनिटांची आहे. ती न करताच लोक बायपॉड आणतात आणि मग दुर्बीण, गोळ्या, नळी अशा सगळ्यांवर संशय घेत महिने घालवतात.

पट्टी अडली तर काय? दोन वाटा आहेत. कारागीर नळी ज्यात बसते ती लाकडातली खाच आतून थोडी तासून मोकळी करू शकतो, पण पुढचा दाब त्या रायफलच्या मूळ बांधणीचा भाग असेल तर तो काढल्यावर ग्रुप, म्हणजे टार्गेटवर गोळ्यांच्या भोकांचा पुंजका, सुधारेल की बिघडेल हे मारून पाहिल्याशिवाय कळत नाही. वारशाने आलेल्या रायफलवर मी हे करत नाही. दुसरी वाट म्हणजे बायपॉडचा विचार सोडून पिशवीवरून मारणं.

पिशवीला कोणी कमी लेखू नये. टेबलावरून ५० मीटर मारायचं असेल तर फोरएंडखाली एक घट्ट पिशवी आणि मागे बटखाली, म्हणजे खांद्याला टेकणाऱ्या टोकाखाली, एक लहान पिशवी, एवढ्यावर .२२ चा जो ग्रुप येतो त्याहून चांगला ग्रुप साध्या बायपॉडवर क्वचितच येतो. पिशवी रुंद आधार देते, भार एका स्क्रूवर येत नाही, आणि लाकडाला एकही भोक पडत नाही. जुन्या जीन्सच्या पायाचे दोन तुकडे दुहेरी शिवा, धुऊन वाळवलेली बारीक वाळू पुढच्या पिशवीत भरा. मागच्या पिशवीत वाळू जड होते, तिथे बाजरी चांगली. मुठीत दाबली की बट मिलिमीटरभर वर येते, सोडली की खाली. बाजरीत पावसाळ्यात किडे होतात, त्यामुळे दर दिवाळीला ती बदला. बसून मारायचं असेल तर गिरणारे-दिंडोरीकडे टोमॅटोच्या मळ्यात उभ्या करतात तसल्या दोन बांबूच्या काठ्या घ्या, वरच्या टोकाशी सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळून कैचीसारख्या बांधा. ही कैची खालचा खडबडीतपणाही झाकते आणि उंचीही पटकन बदलते. मी स्वतः बसून मारताना अजून तीच वापरतो.

स्पर्धेचा विचार मनात असेल तर तोही आत्ताच स्पष्ट करून घ्या. ऑलिंपिक प्रकारांत बायपॉड चालत नाही. १० मीटर एअर रायफल उभ्याने, हातावर तोलून मारायची असते. ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये गुडघ्यावर आणि पालथं झोपून मारताना पट्टा चालतो, पाय चालत नाहीत. आपल्या नाशिकच्या क्रीडा प्रबोधिनीत घडलेल्या स्वप्नील कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये याच प्रकारात कांस्य मिळवलं, तेही या नियमांतच. बायपॉडवरची स्पर्धा म्हणजे लांब पल्ल्याच्या एफ-क्लासमधला एफ-टीआर गट. तिथे .२२३ आणि .३०८ या दोनच गोळ्या चालतात, आणि बायपॉडसकट रायफलचं वजन ८.२५ किलोच्या आत लागतं. तुमच्या .२२ चा त्याच्याशी संबंध येत नाही. त्यामुळे मुलाला पुढे स्पर्धेत उतरवायचं असेल तर बायपॉडची सवय लागू देऊ नका. पट्टा नीट लावायला शिकवा.

एवढं वाचूनही बायपॉड हवाच असेल, आणि पालथं झोपून मारणाऱ्याला तो सोयीचा आहे हे मी मान्य करतो, तर निवडीबद्दल बोलू.

उंचीपासून सुरुवात करा. या पद्धतीचे बायपॉड साधारण तीन मापांत येतात. ६ ते ९ इंच, ९ ते १३ इंच आणि त्याहून लांब, बसून मारण्याचे. पालथं झोपून आणि टेबलावरून मारायला ६ ते ९ इंचाचाच घ्या. लोक ‘उंच असलेला बरा, कुठेही चालेल’ म्हणून लांब पायांचा घेतात. पाय जितके लांब तितकी तरफ मोठी, तितका तुमच्या स्टडवर आणि त्या सडपातळ फोरएंडवर ताण जास्त. शिवाय लांब पाय स्वतःच थरथरतात. पोट किंवा छाती मोठी असेल, मान फार मागे वळवावी लागत असेल, तर ९ ते १३ चा विचार करा. त्यापुढे नको.

पायांना खाचा असलेला प्रकार घ्या. खाचेत पाय खटकन बसतो आणि दोन्ही पाय सारख्या उंचीवर आहेत हे डोळ्यांनी मोजता येतं. गुळगुळीत पाय पिळून आवळायचे असतात, आणि घामट हातांनी आवळलेला पाय हळूहळू खाली सरकतो. डावी-उजवीकडे किंचित कलणारा, म्हणजे स्विव्हल असलेला प्रकार जरूर घ्या. जमीन कधीच सपाट नसते, आणि रायफल तिरकी राहिली की दुर्बिणीतली उभी रेघ ओळंब्यात राहत नाही. न कलणारा बायपॉड उतारावर सरळ करायला तुम्ही रायफल हाताने पिळता, आणि तो पीळ थेट फोरएंडमध्ये जातो. लाकडी स्टॉकवर मी न कलणारा बायपॉड कोणालाच सुचवत नाही.

नकली माल घेणारच असाल तर दुकानात चार गोष्टी बघा. पाय उघडून पुढे-मागे हलवा. खिळ्याच्या सांध्यात ढिलाई जाणवली तर परत ठेवा. जबड्याच्या पिना सारख्या लांबीच्या आणि समोरासमोर आहेत का बघा, एक पिन आखूड असली तर स्टड तिरका ओढला जातो. खोगिराचं रबर दोन्ही बाजूंना सारखं टेकतं का, आणि पायाची स्प्रिंग दोन्हीकडे सारख्या जोराची आहे का, हेही बघा. वजन ३०० ते ४०० ग्रॅमच्या आसपास ठीक. तुमची .२२ अडीच-तीन किलोची असेल, तिच्या टोकाला अर्धा किलो लोंबकळला तर उभ्याने मारताना ती पुढे झुकते.

नळीला चिमटा बसवून लावायचे बायपॉड येतात, ‘भोक नको, स्टड नको’ असं सांगून विकतात. ते घेऊ नका. गोळी सुटताना नळी थरथरते आणि ती दर वेळी सारखीच थरथरली तरच ग्रुप येतो. त्या नळीलाच भार लटकवला की भार बदलेल तसा नेम बदलतो. या बाबतीत माझं मत पक्कं आहे.

आता बसवणं. तुम्ही पाठवलेल्या फोटोत पट्ट्याची पुढची कडी दोन बारीक लाकडी स्क्रूंनी धरलेल्या पत्र्यावर आहे. तिला बायपॉड धरू नका. ती फक्त खांद्यावरचं वजन पेलण्यासाठी आहे.

ॲक्शन स्टॉकमधून काढल्यावर नळीच्या खाचेच्या तळापासून फोरएंडच्या पोटापर्यंतची जाडी कॅलिपरने मोजा. टोकापासून ५, ६, ७ सेंटीमीटरवर, तीन ठिकाणी. जिथे १२ मिलिमीटर किंवा जास्त जाडी मिळते ती जागा माझ्या दृष्टीने कामाची. १० च्या खाली मी भोक पाडत नाही. टोकाला चोचीसारखा आकार दिलेला असेल तर त्या वळणापासून मागे या, कारण खोगिराला दोन्ही बाजूंनी सपाट टेकायला जागा हवी. आणि रेषा बघा. फोरएंडच्या कडेने रेषा तिरकी खाली पळत असेल तर चीर तिकडूनच जाणार, तिथे स्टड नको. सरळ, लांब रेषेचं लाकूड हवं.

मध्यरेषा काढताना बाहेरच्या पोटावर विसंबू नका. जुन्या स्टॉकचं पोट हाताने घासून गोल केलेलं असतं, ते एका बाजूला अर्धा-एक मिलिमीटर झुकलेलं सापडतं. नळीच्या खाचेच्या दोन कडांपासून सारखं अंतर घ्या आणि तीच रेषा मास्किंग टेपवर खाली उतरवा. टेप दुहेरी लावला की ड्रिल पॉलिश उचकटत नाही.

नुसत्या लाकडी आट्यांचा स्टड पुढच्या बाजूला वापरायचा नाही, कितीही जाड लाकूड असो. तिथे आरपार जाणारा यंत्राच्या आट्यांचा स्टड आणि आतून गोल नट, हीच पद्धत. नट खाचेच्या तळात असा बुडवायचा की त्याचा माथा नळीपासून स्पष्ट अंतर राखून खाली राहील. नट नळीला लागला तर सगळी मेहनत वाया. बाजारात तयार मिळणाऱ्या परदेशी स्टडला बहुधा १०-३२ हे इंची मापाचे आटे असतात, ते मेट्रिकशी जुळत नाहीत, त्यामुळे नट त्याच्याच जोडीचा घ्या. स्टडही मेट्रिक एम-५ चा असेल तर अंबडच्या एखाद्या चांगल्या टर्नरकडून नटाच्या जागी एम-५ आट्यांचा पितळी बुश रुंद कॉलरसकट करून घेता येतो. कॉलर जितकी रुंद तितका उपसणारा ताण जास्त लाकडावर विभागला जातो. मी १२ मिलिमीटर व्यासाची कॉलर ठेवतो.

भोक बाहेरून आत पाडायचं. ड्रिल जिथून बाहेर पडतं तिथे लाकूड फाटतं, आणि ते फाटणं खाचेच्या आत लपलेलं बरं. तरीही खाचेत लाकडाचा गोल ठोकळा घट्ट बसवून ठेवायचा, म्हणजे आतही ढलपा निघत नाही. स्टॉक उलटा करून, कापडाच्या घड्यांमध्ये धरून, पाणसळ लावून सपाट करायचा. खांबाची ड्रिल मशीनच वापरायची. हातातल्या मशीनने काटकोन सुटतोच. आधी २ मिलिमीटरचं भोक, मग टप्प्याटप्प्याने मोठं. नटाची खोबण सपाट तळाच्या पात्याने करायची. हे सगळं आधी त्याच जाडीच्या सागवानी तुकड्यावर एकदा करून बघा असं तुमच्या कारागिराला सांगा. चांगला कारागीर रागावणार नाही.

भोक पाडल्यावर आतलं लाकूड उघडं राहतं, आणि इथेच बहुतेक जण काम संपलं म्हणून उठतात. उघड्या लाकडात ओल शिरते. पातळ इपॉक्सीचा एक हात काडीला कापूस गुंडाळून भोकात फिरवा, जास्तीचं टिपून घ्या, चोवीस तास वाळू द्या. नट त्याच इपॉक्सीत बसवा. स्टडच्या आट्यांना मात्र मेण लावा, नाहीतर तो पुन्हा कधीच निघणार नाही. स्टड आवळताना शेवटी त्याचं आडवं भोक नळीला बरोबर काटकोनात आलं पाहिजे, कारण पिना बाजूंनी शिरणार आहेत. थोडं पुढे-मागे राहत असेल तर खाली पातळ वॉशर घालून जुळवा. पिळून जबरदस्ती करू नका. खोगिराच्या रबराचे डाग जुन्या पॉलिशवर उमटतात, म्हणून मध्ये पातळ चामड्याचा तुकडा ठेवा.

स्टडऐवजी छोटी पिकॅटिनी रेल, म्हणजे आडव्या खाचांची धातूची पट्टी, लावावी का, असं काही जण विचारतात. दोन स्क्रूंवर भार विभागला जातो हे खरं, आणि खोगिराचा दाबही राहत नाही. पण फोरएंडचं पोट गोल असतं. रेल सपाट बसायला एकतर लाकूड तासावं लागतं किंवा रेलखाली इपॉक्सीचा थर भरावा लागतो, आणि भोकं दोन होतात. क्लबच्या रोजच्या वापराच्या रायफलला मी रेल लावली आहे. काकांच्या अक्रोडाला लावणार नाही.

आता आपल्या हवेबद्दल. लाकूड लांबीत जवळजवळ बदलत नाही, पण रुंदीत ते ओल पिऊन फुगतं आणि कोरड्या हवेत आकसतं. नाशिकला एप्रिल-मे मधली कोरडी भट्टी, मग चार महिन्यांचा पाऊस, मग निफाडकडून येणारी बोचरी थंडी. ज्यांचं घर इगतपुरी-घोटीकडे आहे त्यांच्या रायफली पावसाळ्यात जास्तच फुगतात. याचा अर्थ स्टड मे महिन्यात ढिला वाटेल आणि ऑगस्टमध्ये आपोआप घट्ट. ढिला वाटला म्हणून मे मध्ये जोर लावून आवळलात, तर पावसात फुगलेलं लाकूड कॉलरखाली चेपतं आणि पुढच्या उन्हाळ्यात तो आणखी ढिला होतो. त्यामुळे बेताने आवळा, वर्षातून दोनदा तपासा, आणि कागदाच्या पट्टीची चाचणी पावसाच्या तोंडावर व दिवाळीनंतर पुन्हा करा. रायफल ठेवून देताना बायपॉड काढून ठेवा. महिनोन्‌महिने एकाच जागी दाबलेलं लाकूड तो दाब लक्षात ठेवतं.

बसवून झाल्यावर रेंजवर पहिलं काम झिरो, म्हणजे दुर्बिणीच्या नेमाची जुळणी, बदलण्याचं नाही, तुलनेचं. एकाच खोक्यातल्या गोळ्या घ्या. पाच पिशवीवरून, पाच बायपॉडवरून, असं आळीपाळीने तीन वेळा, वेगवेगळ्या टार्गेटवर. बायपॉडचा ग्रुप वर किंवा बाजूला सरकला पण आकाराने तेवढाच राहिला, तर काळजी नाही. बायपॉडवरचा झिरो वेगळा लिहून ठेवा. ग्रुप उभा लांबला तर बहुतेक वेळा तुमचा पुढचा रेटा दर वेळी वेगळा पडतोय किंवा फोरएंड वाकतोय. पायांखाली काय आहे तेही बघा. शहाबादी फरशीवर किंवा कोब्यावर रबराचे पाय टणकन उडतात आणि नेम वर जातो. खाली गोणपाट दुहेरी घडी करून अंथरा, लगेच फरक दिसेल. खांदा प्रत्येक गोळीला सारखाच टेकवा. .२२ चा धक्का नगण्य आहे म्हणून लोक या बाबतीत ढिले राहतात, पण .२२ ची गोळी हळू असते, नळीत जास्त वेळ असते, त्यामुळे पकडीतली चूक तिला जास्त लागते.

मुलाच्या स्प्रिंगच्या एअर रायफलला बायपॉड लावू नका. तिथे पिस्टन पुढे झेपावताना रायफल आधी मागे आणि पिस्टन टोकाला आदळला की पुढे हिसका देते, आणि हे सगळं छर्रा नळीतून बाहेर पडण्याआधी. ती रायफल हलक्या, उघड्या तळहातावर, दर वेळी त्याच जागी ठेवून मोकळी हलू द्यावी लागते. पाय कडक जमिनीला टेकले की तो हिसका अडतो आणि छर्रे विखुरतात. शिवाय नळी मोडून भरायची असेल तर फोरएंडच्या खाली दांड्यासाठी लांब खाच असते, तिथे स्टडला धरायला मध्ये लाकूडच नसतं. तिच्यासाठी मऊ पिशवी आणि पिशवीवर ठेवलेला तळहात. दाबाच्या हवेवर चालणाऱ्या पीसीपीला मात्र असा हिसका नाही, तिला बायपॉड चालतो. फक्त हवा भरायचं तोंड पायांमागे अडकत नाही ना, ते आधी बघा. शस्त्र नियम २०१६ प्रमाणे ४.५ मिलिमीटर नळीच्या, २० ज्यूलच्या आतल्या एअर रायफलला परवाना लागत नाही, त्यामुळे तुमच्या सुतारांचा हात उपयोगी आणायचाच असेल तर तो तिच्या स्टॉकच्या पॉलिशला आणा. लाखेचं पॉलिश ते नक्कीच छान करतील.

ईशापूरच्या .३१५ स्पोर्टिंग रायफलबद्दलही अनेकांकडून असाच प्रश्न येतो, म्हणून दोन ओळी. तिचा स्टॉक ली-एनफिल्डच्या धर्तीवर दोन तुकड्यांचा असतो आणि फोरएंड ॲक्शनशी जिथे टेकतो ती जागाच तिच्या नेमाचा कणा आहे. त्या फोरएंडला बायपॉडने पुढून उचललं की ती जागा हलते, आणि .३१५ चा धक्का दर गोळीला तिला आणखी ढिली करतो. तिला पिशवीच.

तुमच्याकडून मला तीन आकडे हवे आहेत: फोरएंडची जाडी टोकापासून ५, ६ आणि ७ सेंटीमीटरवर. आणि कागदाची पट्टी भाराशिवाय कुठे अडली, भार दिल्यावर कुठे अडली, याचा फोटो, पेन्सिलच्या खुणांसह. फोरएंडच्या दोन्ही कडांचा एक फोटो उन्हात, पाण्याने पुसलेल्या ओलसर लाकडाचा काढा, म्हणजे रेषा उठून दिसेल. ते पाहून स्टडची जागा मिलिमीटरमध्ये सांगतो, किंवा भोक पाडू नका असं सांगतो.